खिशातला टेस्टर

"...मग सोडू की नको, अण्णा? एवढंच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

गिरमल आल्यापासून हे तिसऱ्यांदा म्हणाला. बसलिंगअण्णा ऐकत होते.

अण्णा आमच्या गावचे जुने वायरमन. हात थरथरायला लागले तेव्हा काम सोडलं आणि मठात येऊन राहिले. गिरमल आणि मी, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्या दिवशी मी मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून हे सांगू शकतो.

गिरमल चौदा वर्षं सूतगिरणीत वायरमन, कायम. आता स्वतःचं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात होतं. घरांचं वायरिंग, जळालेल्या मोटारींत नवी तार भरणं, सगळं. बाजारात गाळा बघून ठेवलेला आणि गाळेवाल्याला संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. राजीनामा तीन आठवडे शर्टाच्या खिशात. घामानं त्याच्या घड्या विरत आलेल्या.

"आईचं कसं करू? तिची औषधं गिरणीच्या कार्डावर मिळतात. दुकान नाही चाललं तर तिला काय तोंड दाखवू? जेवण जात नाही, अण्णा. भीती वाटते."

"आणखी कुणाला विचारलंस?"

"मेव्हण्याला. युनियनच्या पुढाऱ्याला. एकाला पत्रिकाबी दाखवली."

"मग?"

"तिघं तीन सांगत्यात. म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"काम येतंय का पण?"

गिरमलची मान ताठ झाली. कामाबद्दल विचारलं की गडी असाच.

"चौदा वर्षांत एकदा शॉक बसला नाही मला."

"कसा बसंल? गिरणीत लाईन बंद कोण करतंय?"

"सुपरवायझर. तो बंद करतो, 'काम चालू'ची पाटी अडकवतो, कागदावर सही करतो. मग मी हात घालतो."



अण्णा काठी टेकत उठले. "माजघरातलं होल्डर ढिलं झालंय. आलाच आहेस तर बघ."

मीही मागोमाग गेलो. अण्णांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. दिवा गेला. गिरमल स्टुलावर चढला, बल्ब काढून माझ्या हातात दिला, होल्डर उघडलं. तोंड चालूच होतं. गाळा, आई, कार्ड, परत गाळा. बोलता बोलता त्यानं वायरीकडं बोट नेलं.

अण्णांची काठी त्याच्या मनगटावर बसली.

मला वाटलं, म्हातारा त्या बडबडीला वैतागला. मीही वैतागलोच होतो.

"टेस्टर लाव," अण्णा म्हणाले.

"अहो, बटण बंद केलंत की तुम्ही. दिवा गेला. मी बघितलं."

"लाव."

गिरमलनं खिशात हात घातला. टेस्टरबरोबर राजीनामाही वर आला, तो त्यानं परत कोंबला. टेस्टर वायरीला लावला.

टेस्टरमधला बारीक दिवा पेटला...

मठाचं वायरिंग कुणी केलं देव जाणे, पण उलटं केलेलं. बटण बंद केलं की दिवा जातो आणि होल्डरात करंट तसाच राहतो. गावात अशी घरं पैशाला पासरी आहेत. म्हणून तर घरोघरी काम करणारा माणूस बटणावर विसंबत नाही, आधी टेस्टर लावतो. हे आम्हाला अण्णांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी विसरलो नव्हतो, कारण मी घरोघरीच कामं करतो, मला कधी कुणी लाईन बंद करून पाटी अडकवून दिली नाही.

गिरमल खाली उतरला आणि भिंतीला टेकून तिथंच फरशीवर बसला. चेहरा पांढराफटक.

"आई एकटी पडली असती," तो म्हणाला.

अण्णांनी बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. येताना तांब्याभर पाणी आणलं. गिरमल ते घटाघट प्यायला, अर्धं शर्टावर सांडलं.

"अण्णा... तुम्हाला ठाऊक होतं. आधी सांगायचं तरी."

"टेस्टर तुझ्या खिशात होता. तरी तू माझ्या बटणावर विसंबलास."

गिरमलनं मान खाली घातली. हातातल्या टेस्टरकडं बघितलं, मग खिशातल्या राजीनाम्यावर हात ठेवला...

अण्णा त्याच्या शेजारी टेकले.

"बरं. मघाशी मला काय विचारत होतास?"