पाटाला लावलेलं कुंकू

भांडीकुंडी एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. अनसूयाकाकूंच्या देवघरात सरसाने जोडलेल्या दोन फळ्यांचा पाट होता. एकदा त्याच्या सांध्याला बारीक चीर पडली. पाट घाबरून तिला म्हणाला, "काकूंना कळलं तर मला बंबात घालतील. शुक्रवारच्या पूजेपर्यंत तरी थांब गं बाई!"

चीर म्हणाली, "मी कुठे धावतेय? तुझ्यावर भार आला, की पुढचा कणभर सरस सुटतो."

पाट मुकाट्याने कलशाचा भार सोसत राहिला. सकाळी काकूंनी चीर पाहिली आणि तिच्या टोकाशी कुंकवाचं बोट टेकवलं.

"अगंबाई, निरोपाचं कुंकू लावलं हो याला!" समई हळहळली. पाटाला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी चीर कुंकवाच्या पुढे गेलेली दिसताच काकूंनी कलश उतरवला आणि पाट सुताराकडे नेला.

"दगडूनाना, काल इथवरच होती हो. वाढतेय."

"बरं झालं, वेळेवर आणलात. फळ्या शाबूत आहेत. जुना सरस खरवडून नवा लावतो."

पाटाने रंध्याला हळूच विचारलं, "म्हणजे मला जाळणार नाहीत?"

"वेड्या, जाळायचं असतं तर खूण करून कशाला बघितलं असतं?"

शुक्रवारी पाटावर लक्ष्मी बसली. आता त्याला काहीच लपवायचं नव्हतं.