येसू झारेकरणीची ऐरण

कातळझरीला रस्ता नव्हता आणि सोनं त्या गावात फक्त गोष्टींतून यायचं, त्या काळातली ही हकिगत. ऐका, आणि जिथे राग येईल तिथे येऊ द्या.

गावाच्या डोक्यावर देवराई होती. तिच्या मुळांतून एकच झरा निघायचा आणि सगळं गाव तेच पाणी प्यायचं. झऱ्याच्या खालच्या अंगाला येसू झारेकरीण राहायची. सोनारांच्या दुकानांतली राख आणि केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणं, हा झारेकऱ्यांचा धंदा. येसूचा निम्मा जन्म बंदरावरच्या सोनारआळीत गेला होता. नवरा वारल्यावर ती गावी परतली, तेव्हा तिच्या पदराच्या गाठीला डोरल्यातला सोन्याचा एक मणी तेवढा उरला होता. पण नजर अशी, की पुराच्या गढूळ पाण्यातही तिला सोन्याचा कण दिसायचा, असं म्हणतात.

एकदा विसाजी खोताच्या गड्यांना झऱ्याच्या तळाशी पिवळा दगड सापडला. कोपरे रेखीव, चमक डोळे दिपवणारी. खोताने हुकूम सोडला : देवराई तोडा, झरा फोडा, खाली सोन्याची खाण आहे! आणि गाव? गाव नाचायला लागलं. उद्या प्यायचं काय, हे कुणी विचारलं नाही. खोताला विचारायला जीभ लागते.

ती येसूला होती. "खोत, हे सोनं नव्हे. कुऱ्हाडी खाली ठेवा."

"मग काय, तुझ्या चुलीतला निखारा?" खोत म्हणाला, आणि लोक हसले.

गावाची रीत होती : गावकीला आडवं जायचं, तर स्वतःचं काहीतरी ऐरणीवर ठेवायचं. येसूने पदराची गाठ सोडली आणि मणी देवराईच्या तोंडाशी असलेल्या धाकू लोहाराच्या ऐरणीवर ठेवला. "हे खरं सोनं. तुमचा दगड याच्याशी ताडून बघा. हा खोटा ठरला, तर पहिली कुऱ्हाड मी घालीन."

खोताने मणी चावला. दाताचा वण उमटला. दगड चावला, तर दातातून कळ आली. मग त्याने मणी ऐरणीवर टाकला. नुसतं थप् झालं.

"बघा रे! हिचा मणी मेणाचा!"

गावाने टाळ्या पिटल्या. कारण कातळझरीने पिवळा धातू पाहिला होता तो देवळातल्या पितळी घंटेचा. कडक आणि खणखणीत तेच खरं, अशी त्यांची पक्की समजूत.

"सोनं मऊच असतं," येसू म्हणाली. "म्हणून तर ते फुटत नाही. हाण रे धाकू, आधी दगडावर."

घण पडला. ठिणग्या उडाल्या आणि दगडाचा काळा भुगा झाला. भुगा भट्टीत टाकला, तर निळी ज्योत उठली आणि गंधकाच्या वासाने लोक खोकत मागे सरले. त्याच भट्टीत मणी धरला. तो तापून लाल झाला, निवला आणि पुन्हा होता तसा पिवळा.

"एक दगड खोटा निघाला," खोत म्हणाला. "खाली हजार असतील. चालवा कुऱ्हाडी!"

येसूने घण स्वतःच्या हाती घेतला. "धाकू, कातडं आण. वर्ख करतात तसा मणी घडीत घालून ठोकते."

"काकी, तुझ्या धन्याची शेवटची खूण गं ती."

"ठाऊक आहे. आण."

ती ठोकत राहिली. मणी पानाएवढा झाला, सुपाएवढा झाला, अंगणाएवढा झाला, आणि शेवटी सगळ्या देवराईवर पसरला, असं म्हणतात. इतका पातळ, की त्यातून ऊन हिरवं होऊन खाली उतरलं. त्या उजेडात उभ्या असलेल्या गड्यांचे हात वर उठेनात. मग वारा आला आणि ते सोनं पानापानांवर विखरून गेलं. येसूच्या हातात रिकामं कातडं राहिलं.

तरी खोत स्वतः कुऱ्हाड घेऊन पुढे झाला. तेव्हा धाकूने घण वाटेत आडवा धरला. "येसूकाकीने आपलं ठेवलं. तुम्ही काय ठेवता, खोत?"

आता गावालाही जीभ फुटली. "ठेवा ना! ठेवा की!" खोताने बोटातल्या अंगठीला हात लावला. अंगठी काही निघाली नाही, खोत मात्र निघून गेला.

ती ऐरण अजून देवराईच्या तोंडाशी आहे. कुऱ्हाड आणा, मोजणीची फीत आणा, नाहीतर पिवळं यंत्र आणा, गाव आडवं येतं आणि येसूच्या नावाने एकच प्रश्न विचारतं : "तुमचं स्वतःचं काय ठेवता?" विकासावर तासभर बोलणारे पुष्कळ येऊन गेले. ऐरणीवर आजवर कुणी शर्टाचं बटणसुद्धा ठेवलेलं नाही.