आईच्या नावाची पाकळी

बाळांनो, आधी दिव्याला हात जोडा बरं. जोडलेत? आता ज्योतीच्या पायाशी बघा. तेलात बुडालेली इवलीशी पांढरी वात दिसते ना? ज्योतीला सगळेच नमस्कार करतात, वातीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. आजची गोष्ट तिची आहे.

डोंगराच्या कुशीत दीपवाडी नावाचं एक गाव होतं. गावात महादेवाचं देऊळ, देवळापुढे उंचच उंच दीपमाळ, आणि देवळामागे एका पिटुकल्या घरात राहायची वेणू आणि तिची आई, जानकी. जानकी कापसाच्या वाती वळायची. दुधात बोट बुडवून ती कापसाला असं काही अलगद फिरवायची, की क्षणात जाईच्या कळीसारखी फुलवात तयार! सोमवारचा उपास असो, नाहीतर मंगळवारचा, तिच्या वातीशिवाय गावातल्या कुणाचं निरांजन लागायचं नाही.

पण त्या वर्षी कापूस महागला. मग दूध महागलं, वाती बांधायचा दोरासुद्धा महागला. जानकी मात्र वातींची जुडी जुन्याच भावाला देत राहिली. वेणूने परकर-पोलक्याचा हट्ट धरला, तर म्हणायची, "पुढच्या वर्षी हं, बाळा." आणि रात्रीच्या भाकरीबरोबर दोघींना नुसतं मीठ-तिखट असायचं.

"आई, भाव वाढव ना गं," वेणू म्हणायची.

"अगं, देवाच्या वाती त्या. त्यांना माझ्या हातांचे पैसे कसले लावायचे? पाप लागेल."

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जानकीने तळाला गेलेल्या कापसाच्या टोपलीकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "वेणू, उद्याची जत्रा झाली की वाती बंद. मी शहरात कामाला जाते. तू मामीकडे राहा. मी येईन सणासुदीला."

वेणू धावत धावत देवळाच्या बागेत गेली आणि पारिजातकाखाली बसून मुसमुसून रडू लागली.

तेवढ्यात वाऱ्यावर तरंगत एक म्हातारी आली. म्हातारी म्हणजे आजीबाई नव्हे हो! रुईच्या बोंडातून उडते ना, ती रेशमी, भुरभुरती, चांदीच्या तंतूंची म्हातारी. ती बाजूच्या काटेरी झुडपात अडकली आणि फडफडू लागली. वेणूने डोळे पुसले. काट्याने बोट खरचटलं, तरी एकही तंतू तुटू न देता तिने ती सोडवली आणि तळहातावर ठेवली.

आणि काय गंमत! त्या चंदेरी तंतूंच्या मधोमध बसली होती एक चिमुकली परी. करंगळीच्या नखाएवढी! मोरपंखी घागरा, मोगऱ्याच्या पाकळ्यांचे पंख, आणि कपाळावर कुंकवाचा लुकलुकता ठिपका.

"किती जपून सोडवलंस गं मला!" परी किणकिणली. "कुणाच्या हातची सवय ही?"

"माझ्या आईच्या," वेणू ताठ बसून म्हणाली. "ती कापसाला असंच जपते."

"मग माग काय हवं ते. पण माझे नियम आहेत हं. इच्छा एकच पुरी होईल. तिच्यासाठी कुणाचं काय जाणार आहे, ते आधी बघायचं आणि मगच 'हो' म्हणायचं. आणि कळसावरचं ऊन उतरायच्या आत मागायचं."

"कापूस स्वस्त होऊ दे!" वेणू लगेच म्हणाली.

परीने फुंकर घातली. सोनेरी धुक्यात एक शेत दिसलं. वेणूच्याच वयाची एक मुलगी आईबरोबर कापूस वेचत होती. बोंडांची सुकलेली टोकं टोचून दोघींची बोटं लाल झाली होती. मुलगी विचारत होती, "आई, माझं परकर-पोलकं?" आणि तिची आई म्हणत होती, "भाव पडलाय गं. पुढच्या वर्षी हं, बाळा."

ते वाक्य वेणूला चांगलं ठाऊक होतं.

"नको, नको! तिचं परकर-पोलकं घेऊन मी काय करू? त्यापेक्षा थोड्याशाच कापसात आमची जुडी फुगीर दिसू दे."

पुन्हा फुंकर. आता दिसलं एक अंधारं घर. एक बाई तापाने फणफणलेल्या बाळाच्या उशाशी देवापुढे दिवा लावत होती. वात दिसायला गुबगुबीत, पण आतून पोकळ. फुस्स! दिवा विझला. बाईचे हात तसेच जोडलेले राहिले.

"हेही नको!" वेणू उठून उभीच राहिली. "माझ्या आईच्या हातची वात अशी कधी विझत नाही. कधीच नाही!"

परी खुदकन हसली. मग तिने वेणूच्या तळहातावर पंख हलवले, तसं तिथे उजेडाचं एक फूल उमललं. "हा तुमच्या जुडीचा भाव. जो राबतो, त्याची यात एक पाकळी."

गुलाबी पाकळी होती कापूस वेचणाऱ्या बाईची. निळी होती कापूस पिंजणाऱ्याची. हिरवी होती गाडीवानाची, शेंदरी दुकानदाराची. सगळ्या कशा झगमगत होत्या! फक्त एक पाकळी राखेसारखी विझलेली.

"ही कुणाची गं?"

"तूच सांग."

वेणूने बघितलं, पुन्हा बघितलं. तिचे डोळे भरून आले. "आईची. ती भावात स्वतःचं काहीच धरत नाही."

कळसावरचं ऊन आता टोकाशी पोचलं होतं. वेणू घाईने म्हणाली, "परी, आईला तिच्या हातांतला उजेड दिसू दे! पण थांब, यात कुणाचं काय जाणार?"

"पैसे मागताना तुझ्या आईला वाटते ना, ती लाज जाईल," परी म्हणाली. "चालेल?"

"हो!"

परीने वेणूच्या मुठीत काहीतरी ठेवलं. "उद्या तुमच्या घरच्या दिव्यात मला शोध." आणि म्हातारी भुर्रकन उडून गेली. वेणूने मूठ उघडली, तर आत होतं टपोरं काळं बी.

दुसऱ्या दिवशी जत्रा भरली. झेंडूच्या माळा, लाल-पिवळ्या पताका, चिरमुऱ्यांचे ढीग! दीपमाळेखाली जानकी टोपली घेऊन बसली. शेवटच्या वाती वळाव्यात म्हणून तिने दुधात बोट बुडवलं आणि एकदम थबकली. तिच्या दहाही बोटांच्या टोकांवर मऊ, केशरी उजेड नाचत होता. आजूबाजूला कुणालाच दिसत नव्हता. तिला दिसत होता, आणि वेणूला.

जानकीने ते हात कळसाकडे जोडले. "महादेवा, हे हात तूच दिलेस ना रे? मग मी त्यांना फुकट कसं म्हणत आले?"

इतक्यात आल्या गोदाकाकू. बोलायला फटकळ, पण व्रतवैकल्यात गावात पहिल्या. "जानकी, दे गं नेहमीच्या जुड्या, नेहमीच्या भावाला."

एरवी भाव सांगताना जानकीची मान खाली असायची. आज तिने वर बघितलं. "काकू, भाव वाढलाय. कापूस महागला, तो धरलाय. आणि माझे हात धरलेत. ते आजवर धरतच नव्हते."

"अगं बाई! वाती आहेत की मोत्यांच्या माळा?" काकूंनी कमरेवर हात ठेवले. "बसल्या जागी तर वळायच्या. त्याला काय लागतं?"

जानकी रागावली नाही. बाजूला सरकून तिने जागा केली. "मग बसा ना काकू. कापूस माझा, दूध माझं. तुमच्या हाताने वळा, कापसाच्याच पैशात न्या."

"वळते की! त्यात काय!" काकू पदर खोचून बसल्या. पहिली वात वळली, ती मधेच तुटली. दुसरी सुटली. तिसरी झाली एकदाची, पण एवढी जाडी आणि केसाळ, की वेणूला हसू आवरेना.

"हसतेस काय, टवळे?" काकूंनी ती वात डोळ्यांपुढे धरली आणि त्याच खो-खो हसत सुटल्या. "हा तर सुरवंट झालाय गं! देव म्हणेल, गोदे, दिवा लावलास की किडा सोडलास?"

सारी जत्रा हसली. मग काकूंनी आपली आखडलेली बोटं चोळली, जानकीच्या टोपलीतली एक फुलवात अलगद उचलून तळहातावर ठेवली. "इतकी वर्षं जाळल्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बघितली आज." पूर्ण भाव मोजून त्यांनी जुड्या घेतल्या आणि मागे वळून गरजल्या, "चला गं बायांनो! जिला घासाघीस करायची असेल तिने आधी माझ्यासारखा सुरवंट वळून दाखवावा!"

मागे एक बाई रिकामी पिशवी मुठीत धरून उभी होती. जानकीने तिला जवळ बोलावलं. "ताई, वात तीच राहील, पातळ करणार नाही. पण छोटी जुडी बांधून देते, आजच्यापुरती. आणि परसात देवकापसाचं झाड असेल तर त्याची बोंडं घेऊन या. मग फक्त वळायची मजुरी द्या." बाईचा चेहरा उजळला. वेणू पटापट छोट्या जुड्या बांधू लागली.

सांज झाली. दीपमाळ पायथ्यापासून टोकापर्यंत सोन्याने पेटली. एकही वात विझली नाही हो, एकही! रिकामी टोपली डोक्यावर घेऊन जानकी जत्रेतून चालत घरी निघाली. राणीच्या डोक्यावर मुकुट असतो ना, तशी ती टोपली दिसत होती.

घरी एरवी उरल्यासुरल्या कापसाची वात लागायची. आज जानकीने मुद्दाम मागे ठेवलेली सर्वांत सुबक फुलवात देवापुढे लावली. "वेणू, नवा कापूस आणायला दुकानदार भिकूशेठकडे उद्या जाऊ. तुझं परकर-पोलकंही बघू."

"आणि मामीकडे?"

"मामीकडे संक्रांतीला जाऊ. दोघी. आणि परत येऊ."

वेणूने आईच्या कमरेला घट्ट मिठी मारली. तेव्हा ज्योतीत तिला मोरपंखी घागरा दिसला. परीच्या हातात उजेडाचं तेच फूल होतं आणि त्याची एकूण एक पाकळी झगमगत होती. आईच्या नावाची तर सर्वांत जास्त, केशरी! परीने पंख मिटले, ज्योत एकदा लखकन उंच झाली, घरभर सोनं सांडलं आणि परी त्या उजेडात उजेड होऊन गेली.

ते काळं बी? ते होतं देवकापसाचं. वेणूने ते तुळशीजवळ लावलं आणि पहिल्या बोंडांतली सरकी, म्हणजे त्यांच्या बिया, घरोघरी वाटली. आता दीपवाडीत देवकापूस नाही असं परसच सापडायचं नाही.

जसा जानकीला स्वतःच्या हातांत उजेड दिसला, तसा तुमच्या आईच्या हातांत तुम्हाला दिसो. आता उठा बाळांनो, दिव्याला हात जोडलेत ना? मग जा, आणि ज्या हातांनी ही वात लावली, त्यांनाही एक नमस्कार करा.