काळ्या काचेआडून

एकोणीस मे, दुपारी दीड. बोरखेडी फाटा. पारा शेहेचाळीसवर. रस्त्याकडेला अजाबराव गुरुजींची पाणपोई.

"पण मला दिसलीच नाही, तर दोष माझा कसा, गुरुजी?"

विचारणारे उपअभियंता शैलेश पुंडकर. चौथीपर्यंत गुरुजींच्याच शाळेत होते. गुरुजींनी रांजणात लोटा बुडवला, त्यांच्यापुढे धरला.

मंगळवारी याच फाट्यावर एसटीची वाट पाहता पाहता कौसाबाई तायडे उन्हाने गेली. फाट्यावर निवारा नाही. कडुनिंब होता, तो रुंदीकरणात तोडला. तोडण्याच्या कागदावर सही पुंडकरांची. त्या दुपारी त्यांची गाडी इथून गेली, हे गावाला ठाऊक होते. पुंडकरांना गुरुजींच्या तोंडून एकच वाक्य हवे होते: तुझी चूक नाही. ते ऐकले की झोप लागेल, असे ते दोनदा म्हणाले.

मग समजावू लागले. काचांना नवी फिल्म लावलीय. ऊन आत येत नाही, बाहेरचे काही दिसतही नाही.

इतकी काळी फिल्म लावायला मनाई आहे. साहेबांच्या गाडीला हटकणार कोण?

"ऊन लागत नाही म्हनतं?" गुरुजी म्हणाले. "मले बसू दे बरं आत."

पुंडकर खुलले. स्वतः दार उघडले, एसी वाढवला. गुरुजी धोतर सावरत मागच्या सीटवर बसले.

"आता तू तिथं उभा राय. बाई होती तिथं."

दार बंद झाले.

पुंडकर उन्हात उभे राहिले. काचेत त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत होता. एक मिनिट... दोन... त्यांनी घाम पुसला. जवळ जाऊन हाक मारली. आतून काही नाही.

पाणपोईवर दोघे-तिघे पाणी पीत होते. "साहेब, तुमची एसटी आज लेट हाय," एक जण म्हणाला. बाकीचे हसले.

पुंडकर परत जागेवर जाऊन उभे राहिले...

पाच मिनिटांनी दार उघडले.

"तुह्या शर्टाचं तिसरं बटन तुटलं हाय," गुरुजी म्हणाले. "डोयातलं पानी घामाचं का दुसरं, तेवढं समजलं नाही."

पुंडकरांची मान खाली गेली. पाणपोईवर आता कोणी हसत नव्हते.

मग त्यांनी मान वर केली. आवाजाला धार होती.

"तुम्ही तर रोज इथंच असता. तुम्ही काय केलं?"

"मी पानी आनाले हापशीवर गेलतो." गुरुजींनी नजर चुकवली नाही. "तेवढं मले जलमभर पुरन."

"मग... तुम्ही आलात तेव्हा ती जिवंत होती?"

"होती. दोन घोट पाजले."

"काही बोलली?"

गुरुजींनी लोटा उपडा ठेवला.

"एका गाडीची काळी काच चार बोटं खाली आली म्हने, तं ती उठून उभी राहिली. मंग काच वर गेली."