भट्टी ओळीतली हाक

या, या, असे इकडून या. त्या मोटारसायकलीला जाऊ द्या आधी. उभं राहायचं तर या शिकवणी वर्गाच्या पाटीखाली राहा. रस्त्याच्या मधोमध थांबलात तर शिव्या बसतात, अन् त्या तुम्हाला नाही, मला बसतात.

बोरगिरीतल्या जुन्या दारूभट्ट्या दाखवा म्हणालात ना? ही घ्या भट्टी ओळ. कुठं आहे भट्टी, असं विचारू नका. ते चष्म्याचं दुकान दिसतं ना, तिथं पैलवानाची भट्टी होती. मिठाईवाल्याच्या जागी बुटक्याची. पलीकडं साड्यांचा सेल लागलाय, तिथं तर म्हणे सरकारी शिपाईसुद्धा मागच्या दारानं जायचे. कोणाचा परवाना गेला, कोणाची जागा रस्तारुंदीत गेली, कोणाच्या पोरांना लाज वाटली. सगळ्या गेल्या. एक वीट शिल्लक नाही. पण एक चीज राहिली, अन् ती डोळ्यांनी दिसत नाही. ती दिवेलागणीला ऐकू येते. तोवर कौतिकाबाईची गोष्ट ऐका. बसता कशाला? उभ्यानंच ऐका, ती बाईसुद्धा कधी बसली नाही.

हे समोरचं मोबाईलचं दुकान, ही तिची जागा. कुडाच्या भिंती, वर कवेलूचं छप्पर, आत मोहफुलांची पोती अन् मागच्या अंगाला चूल. नवरा गेल्यावर कौतिकानं भट्टी एकटीनं चालवली. जिभेनं तिखट, पण मापात पाप नाही. तिच्या हातापायांना म्हणे थारा नव्हता. पेला भरता भरता पोतं सरकवायची, पोतं सरकवता सरकवता कोणाला तरी झापायची, "उठ बाप्पा, घरी बायको वाट पाहून राह्यली!"

तिच्या भट्टीची एक रीत होती. दाराशी ओळीनं लाकडी खुंट्या. आत येणाऱ्यानं डोक्यावरचा फेटा, टोपी, जे असेल ते खुंटीला अडकवायचं, जाताना काढून न्यायचं. त्या काळी बोडक्या डोक्यानं घरी जाणं म्हणजे नाक कापल्यासारखं. दारुडा एक वेळ चप्पल विसरेल, फेटा विसरणार नाही. म्हणून बंद करायच्या वेळी कौतिका आत डोकावतच नसे. खुंट्या बघायची. रिकाम्या दिसल्या की कुलूप ठोकायची. इतकी वर्षं चाललं, कधी चूक झाली नाही. म्हणतात ना, सवयीचा बैल डोळे मिटून चालतो.

त्या वर्षी पोळ्याला कौतिकाचा भाऊ खेड्यावरून आपली बैलजोडी घेऊन आला होता. पहिल्यांदाच त्याची जोडी शहराच्या तोरणाखाली उभी राहणार होती, अन् बहिणीनं ओवाळायचं होतं. दारू गाळणाऱ्या बाईला चारचौघांत ओवाळायला कोण बोलावतं? तेव्हा तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. दुपार कलली तशी तिनं सगळ्यांना हाकललं. चुलीतली लाकडं ओढली, तांब्याभर पाणी शिंपडलं, खुंट्यांवरून नजर फिरवली. रिकाम्या. कुलूप लावून पदराला किल्ली बांधली अन् निघाली.

तोरणाखाली ही गर्दी! डफडी वाजतायत, झडत्यांची गाणी चाललीत, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली. त्या गर्दीत एक जोडी धन्याविना उभी. कासरा धरून होती पुंजाबाई, उकंडा गाडीवानाची बायको. तिचं घर कौतिकाच्या भट्टीच्या अगदी समोर. ती येईल त्याला विचारत होती. कौतिका दिसली तशी तिलाही विचारलं.

"कौतिकाबाई, आमचे हे आले होते काय व तुमच्याकडं?"

"आले होते ना. गेले ते कधीचे. खुंट्या पाहूनच कुलूप लावलं म्या."

बोलून गेली खरी, पण ओवाळायचं ताट हातात घेतलं तरी तिचा जीव लागेना. भाऊ म्हणाला, "लाव ना व कुंकू." हिचं बोट हवेतच. ताट घेऊन ती पुन्हा पुंजाकडं आली.

"काय बांधून गेले होते व डोक्याले?"

"नवा फेटा. खास पोळ्यासाठी घेतला. म्हणाले, तुमच्या खुंट्या तेलकट हायेत, त्याच्यावर नाही लावणार. सोबतच ठेवीन."

ताट तिथंच पडलं. कौतिका पळाली. डफड्यांच्या आवाजात तिची बोंब कोणाला ऐकू गेली नाही. कुलूप काढलं तर आतून धुराचा लोट आला. ओली लाकडं विझली नव्हती, धुमसत राहिली होती. उकंडा मोहफुलांच्या पोत्यांमागं कुशीवर निजलेला होता, नवा फेटा घडी करून उशाला घेतलेला. निजलेलाच राहिला. फेट्याला डाग लागला नव्हता.

लोक जमले. कोणी कौतिकाला शिव्या घातल्या, कोणी उकंडाच्या नशिबाला. पुंजा रडली नाही म्हणे. तिनं फेटा उचलून छातीशी धरला अन् एवढंच विचारलं, "एक हाक तरी मारली होती काय व?"

हाक मारायला पैसा लागत नव्हता, वेळ लागत नव्हता. कौतिकाची मान खाली गेली ती गेलीच.

तेरवी झाल्यावर कौतिकानं मरीमायच्या पायरीवर डोकं टेकून शपथ घेतली. रोज दिवेलागणीला हाक मारीन. अन् समोरच्या दारातून पुंजा 'कोनी नाही' म्हणत नाही तोवर कुलूप लावणार नाही. त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात उभी राहिली अन् ओरडली, "कोनी राह्यलं का रे?"

समोर पुंजा दारात बसली होती. तिनं ऐकलं, उठली अन् आपलं दार लावून घेतलं.

झालं. कौतिकाची भट्टी उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. बाई निजायची कशी? डोळा लागला की दचकून उठायची, पोत्यांमागं हात फिरवून यायची, पुन्हा आडवी, पुन्हा उठली. पाणी प्यायला भांडं उचलायची अन् कशाला उचललं तेच विसरायची. भाऊ येऊन समजावून गेला, "बह्याड होशीन तू, लाव ते कुलूप!" पैलवानानं सांगितलं, जागा मला दे अन् मोकळी हो. ती म्हणायची, "त्या बाईनं मोकळं केल्याबिगर मी कायची मोकळी?" अन् पुंजाची तरी काय दशा? ती हाक रोज तिच्या काळजात जायची. दिवेलागण झाली की तीही घरातल्या घरात येरझाऱ्या घालायची, असं सांगतात.

आता नवल ऐका. सगळी ओळ दारुड्यांची. मधोमध एका भट्टीचं दार सताड उघडं. पण त्या साऱ्या दिवसांत एक थेंब चोरीला गेला नाही. तुमच्याकडं गडकिल्ल्यांवर देव प्रकट होत असतील, होऊ द्या. यापेक्षा मोठा चमत्कार कोणी दाखवावा!

असं करता करता पुन्हा पोळा आला. ओळ ओस पडली. पुंजा एकटी बैल घेऊन तोरणाला गेली. तो नवा फेटा तिनं थोरल्या बैलाच्या शिंगांना बांधला होता. कौतिका गेली नाही. ती दारात उभी. पुंजा परतली तेव्हा दिवे लागत होते, अन् नेमकी हाक आली. आवाज पार बसलेला, "कोनी राह्यलं का रे?"

पुंजा थांबली. कासरा तिनं तसाच टाकला. वर्षभरात पहिल्यांदा ओळ ओलांडून ती भट्टीत शिरली. कौतिका बाजूला सरली. पुंजानं एकेक पोतं हलवून पाहिलं, चुलीची राख चाचपली, पोत्यांमागच्या जागेवर क्षणभर हात ठेवला. मग बाहेर आली अन् म्हणाली, "नाही माय. कोनी नाही राह्यलं. लाव आता."

वर्षभर न लागलेलं कुलूप कौतिकाच्या हातानं बसेना. शेवटी किल्ली पुंजानंच फिरवली. अन् मग दोघी त्या बंद दाराला टेकून हमसून हमसून रडल्या. बैल आपले उभे, फेटा मिरवत.

त्या दिवसापासून साऱ्या ओळीनं हीच रीत धरली. हाक मारायची, समोरच्यानं उत्तर द्यायचं, मगच कुलूप. भट्ट्या गेल्या, चष्मे आले, साड्या आल्या, मोबाईल आले. आजही या ओळीत कोणी मुक्यानं शटर ओढत नाही. नवा दुकानदार आला तर दुकान मांडायच्या आधी त्याला हे शिकवतात.

थांबा, दिवे लागले. तो पाहा, मोबाईलवाला बाहेर आला. समोर पुंजाचं घर होतं तिथं आता पैसे काढायचं मशीन बसलंय. ते कसलं उत्तर देतं? म्हणून रस्त्यानं जो असेल त्यानं द्यायचं, असं ठरलंय. कोणी नसलं तर तो पोरगा अर्धं शटर धरून ताटकळत राहतो. घरी जेवण निवून जातं, पण शटर ओढत नाही. एरवी मीच देतो उत्तर. पण आज तुम्ही ऐकलंय ना सगळं?

ऐका.

"कोनी राह्यलं का रे भाऊ?"

अहो, माझ्याकडं काय बघता? आधी आत जाऊन पाहून या. मग सांगा त्याला.