फुलपाखरांची झोप

माळावरचं गवत ढगांना टेकायचं, त्या काळची ही गोष्ट. घोडे सूर्याबरोबर निघायचे आणि मावळतीच्या तळ्यापर्यंत धावायचे. तिथे फुलपाखरं उतरून त्यांचा खारट घाम प्यायची. ती पुन्हा उडाली, की म्हातारी गाढवीण कोंडाबाई त्या घोड्याची धाव खरी मानायची आणि पहिल्या आलेल्याच्या गळ्यात फुलांची माळ घालायची.

त्या वर्षी मोरक्या नावाचा घोडा पहिला आला. सकाळी त्याचा पाय ठणकत होता, म्हणून त्याने गुपचूप दुखणं बधिर करणारा गुंगीचा पाला खाल्ला होता.

फुलपाखरं त्याच्या पाठीवर बसली, घाम प्यायली आणि तिथेच पंख मिटून झोपली. वारा आला, तरी एकही उठलं नाही.

"मावशी, माळ घाला ना गळ्यात!" मोरक्या म्हणाला.

"घालते रे बाळा. पाय दुखतोय का तुझा?"

"छे! जरासुद्धा नाही."

कोंडाबाईने त्याला तळ्याच्या काठाशी नेलं. पाण्यात मोरक्याला झोपलेल्या फुलपाखरांनी फुललेली आपली पाठ दिसली. मग पाय दिसला. खूर मधोमध उकलला होता आणि मागे गवतावर उमटलेली पावलं लाल होती.

बऱ्याच वेळाने पाठीवरचं एक फुलपाखरू हललं. तेव्हा कुठे मोरक्या विव्हळला.