शहाजाद्याची ठमी

राजा रणधीररावांचा घोडा काही केल्या हरभऱ्याच्या चंदीला तोंड लावेना!

घोडा साधासुधा नव्हे. नाव शहाजादा, आणि दरवर्षी दसऱ्याला त्याच्याच पाठीवर बसून राजा सीमोल्लंघनाला निघायचा. आता दसरा तोंडावर आलेला आणि शहाजाद्याच्या बरगड्या दिसू लागलेल्या. वैद्य आले, काढे झाले. मांत्रिकाने येऊन लिंबू उतरवलं. शहाजाद्याने लिंबाकडेही पाहिलं नाही.

कारण साऱ्या पागेला ठाऊक होतं, पण सांगायची छाती कुणाला होईना. शहाजाद्याची एक मैत्रीण होती, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार भिवाच्या घरची ठमी नावाची शेळी. ती त्याच्या पायाशी झोपायची, त्याच्याच गव्हाणीत तोंड घालायची. इतरांना लाथा झाडणारा तो तापट घोडा तिच्यासाठी मात्र मुकाट्याने बाजूला सरकायचा. मग एके दिवशी दिवाण अंताजीपंत पागेची पाहणी करायला आले. पाहणी करता करता गवताच्या गंजीला टेकून त्यांनी छान डुलकी काढली, आणि तेवढ्यात ठमीने त्यांचा जरीचा शेला खाऊन टाकला.

पंतांनी तडक जाऊन राजाचे कान भरले. "महाराज, शाही घोड्याची मैत्री शेळीशी? शेजारचे राजे काय म्हणतील!"

शेजारचे राजे काय म्हणतील याची राजाला भारी काळजी. प्रजा काय म्हणते याची मात्र मुळीच नाही! ठमीची पागेतून हकालपट्टी झाली आणि त्याच दिवसापासून शहाजाद्याचा उपास सुरू झाला.

शेवटी राजाने भिवाला दरबारात बोलावलं. भिवाची भीतीने बोबडी वळलेली, म्हणून त्याची लेक येसू बरोबर आली आणि ठमीवाचून शहाजादा जेवत नाही, हे तिनेच सांगून टाकलं.

"घोड्याला सोबती हवा ना? मग त्याच्या तोलामोलाचा आणा!" राजा गरजला. "आमच्या सरदारांच्या दर्जाचा! आणि घोडा उद्या जेवला पाहिजे. नाही जेवला, तर ती शेळी दसऱ्याच्या पंगतीला शिजेल!"

आई मेलेल्या ठमीला येसूने बोटाने दूध चाटवून जगवलं होतं. पण तोंडावर तिने काही दिसू दिलं नाही.

"आणते की, सरकार. पर सरदार म्हंजी कसा असतोय, त्येवढं सांगा. आमास्नी काय ठावं?"

राजाने मिशीला पीळ दिला. "धनी उपाशी असताना ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, तो सरदार! हे बघ, सगळे तसलेच बसलेत!"

सगळ्यांनी माना ताठ केल्या. अंताजीपंतांनी सर्वांत जास्त.

"मग घावला की सोबती, सरकार! आमची ठमी!"

"शेळी? आणि सरदार?" पंत किंचाळले.

"तुमच्याच मापानं मोजलं, सरकार. शहाजादा जेवंना, तवापासनं तीबी पाल्याला शिवंना. आता ह्या बाकीच्यांस्नी बी त्येच माप लावू. कसं, त्ये सरकारांच्या कानातच सांगते."

राजाने कान पुढे केला. ऐकता ऐकता त्याच्या भुवया वर गेल्या.

दुपारी पंगत मांडली. राजाने ताटाकडे पाहिलं आणि उसासा टाकला. "आज आमची अन्नावर वासना नाही. आम्ही उपाशीच राहणार."

"अरेरे!" पंतांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "महाराज उपाशी! मग आमच्या घशाखाली तरी घास कसा उतरावा?"

राजा उठून आत गेला आणि पडद्याआड येसूशेजारी उभा राहिला. पडदा नीट पडतो न पडतो तोच बाहेर वाट्यांचा खणखणाट सुरू झाला.

"बासुंदी इकडे! इकडे!"

"महाराजांचं ताट तसंच राहिलंय. अन्न टाकू नये हो, आणा ते माझ्याकडे!" हे पंत.

"दुःखात भूक फार लागते, नाही?" हे सेनापती.

राजाच्या पोटात कावळे ओरडत होते. त्याचा चेहरा लालबुंद झाला. येसूला घेऊन तो मागच्या दाराने निघाला तो थेट भिवाच्या झोपडीशी पोहोचला. तिथे ठमी बांधलेली होती. समोर हिरवागार पाला, तसाच्या तसा! राजाने स्वतः एक डहाळी तिच्या तोंडाशी धरली. जी शेळी जरीचा शेला सोडत नाही, तिने राजाच्या हातच्या पाल्याकडे पाठ फिरवली आणि पागेकडे तोंड करून ओरडत राहिली.

तेवढ्यात राजाला शोधत पंत धापा टाकत आले. "महाराज! उपाशीपोटी असे उन्हात? इकडे आमच्याही पोटात अन्नाचा कण नाही!"

"पंत, मिशीला काय लागलंय जी?" येसूने विचारलं.

"हे? हे... महाराजांसाठी ढाळलेले अश्रू!"

राजाने वाकून निरखून पाहिलं. "अश्रूंत चारोळ्या?"

पंतांनी घाईघाईने मिशी पुसली. राजाने स्वतःच्या हाताने ठमीचं दावं सोडलं. ती सुसाट पागेत घुसली. शहाजाद्याने अशी खिंकाळी फोडली की अख्खी पागा दणाणली! ठमी गव्हाणीत चढली, शहाजाद्याने तिच्याशेजारी तोंड खुपसलं आणि दोघांनी चंदीचा फडशा पाडायला सुरुवात केली.

"येसू, जिंकलीस!" राजा म्हणाला. "ठमी खरी सरदार! उद्यापासून दरबारात पंतांच्या जागी तीच बसेल!"

येसूने झटकन हात जोडले. "नगं, सरकार! गरिबाची शेळी हाय, तिला बिघडवू नगा! दरबारात बसली, तर शहाजादा उपाशी असताना जेवायला शिकंल!"

राजा असा खदाखदा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. हसू आवरल्यावर त्याने पागेमागचं सगळं कुरण येसूच्या नावे करून दिलं, आणि मग भिवाच्या ओट्यावर बसून तिच्याच हातची भाकरी मागून घेतली. करतो काय? मुदपाकखान्यात सरदारांनी शीतही शिल्लक ठेवलं नव्हतं!